आधी पाणी, मग किनारा

बंदरामुळे जी शहरे जन्मास आली आणि बंदराच्या उत्पन्नावर जी शतकानुशतके पोसली गेली, त्याच शहरांतील सामान्य नागरिकाला समुद्राचे निकट दर्शन मात्र क्वचितच घडत असे. कारण धक्का म्हटला की त्याच्याभोवती जकातीची नाकी, वखारींच्या भिंती, रेल्वेचे रूळ आणि पहारेकऱ्यांच्या चौक्या आल्याच, आणि ज्याच्यापाशी परवाना नाही त्याने आत पाऊल टाकू नये, हा दंडक लंडनपासून मुंबईपर्यंत बहुतेक सर्वत्र सारखाच होता. व्यापार भरभराटीत होता तोवर हा दंडक कोणाला विशेष जाचक वाटला नाही. परंतु १९५६ साली अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे एक जहाज ५८ लोखंडी पेटारे डेकवर घेऊन ह्यूस्टनकडे निघाले, आणि त्या एका फेरीने मालवाहतुकीची जी नवी रीत रूढ केली तिने पुढील दोन-तीन दशकांत शहरांच्या पोटात शिरलेली जुनी बंदरे निकामी करून टाकली. कंटेनरच्या जहाजांना खोल पाणी हवे आणि पेटारे रचण्यासाठी धक्क्यामागे विस्तीर्ण मोकळी जमीन हवी. जुन्या गोद्यांपाशी या दोहोंचीही वाण होती. मजूर गेले, वखारींना कुलपे लागली, याऱ्यांवर गंज चढला आणि शहराच्या अगदी मध्यभागी, पाण्याला लागून, कोणाच्याच उपयोगाची नाही अशी जमीन पडून राहिली.

या पडीक किनाऱ्यांचे पुढे काय करावे याविषयी अनेक शहरांनी अनेक तजविजी केल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेतील बाल्टिमोरची. तेथे १९८० साली जेम्स राउस या बांधकाम व्यावसायिकाच्या पुढाकाराने धक्क्यावर दुकाने आणि उपाहारगृहे यांचे काचेचे मंडप उभारले गेले, पुढल्याच वर्षी भव्य मत्स्यालय उघडले, आणि जगभरच्या नगरपित्यांनी तो नमुना पाहून आपापल्या किनाऱ्यावर त्याच्या प्रतिकृती उठविल्या. परंतु ज्या किनाऱ्याचा प्राण दुकानांत ठेवलेला असतो त्याचे आयुष्य दुकानांच्या नफ्याइतकेच असते; २०१९ मध्ये त्या मंडपांचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती सोपविण्याची पाळी आली. म्हणूनच या प्रकरणासाठी मी बाल्टिमोर सोडून डेन्मार्कच्या राजधानीचे, कोपनहेगनचे, उदाहरण घेतले आहे. तेथील किनारा जिवंत झाला त्याचे श्रेय सामान्यतः वास्तुशिल्पकारांना दिले जाते. माझ्या मते त्याचा मोठा वाटा गटारांची आखणी करणाऱ्या, ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत अशा, अभियंत्यांचा आहे.

कोपनहेगनचे बंदर म्हणजे झीलंड हे मोठे बेट आणि आमागेर हे लहान बेट यांच्यामधील एक अरुंद सामुद्रधुनी होय. दोन्ही टोकांना समुद्र आणि दोन्ही बाजूंना शहर, अशी तिची रचना असल्यामुळे नदीकाठच्या नगराचे सगळे गुण या बंदराला आपसूकच लाभलेले आहेत. ११६७ साली बिशप अब्सालोन याने येथे गढी बांधली, तेव्हापासून शहराच्या इतिहासाची मोजणी करण्याचा प्रघात आहे. पुढे ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून ये-जा करणाऱ्या प्रत्येक परकी जहाजाकडून डेन्मार्कचा राजा जकात वसूल करू लागला. ती १८५७ पर्यंत चालू राहिली आणि कित्येक शतके राजाच्या खजिन्याचा एक प्रमुख आधार होऊन बसली. जकात बंद झाली आणि जर्मनीचा कील कालवा खोदला जाऊ लागला, तेव्हा व्यापार हातचा जाईल या धास्तीने कोपनहेगनने १८९४ साली जकातमुक्त बंदर उघडले. जहाजबांधणीतही या शहराचा लौकिक मोठा होता. ‘बुर्माइस्टर आणि वेन’ या कारखान्याने १९१२ साली बांधलेले ‘सेलांडिया’ हे डिझेल एंजिनावर महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या मोठ्या जहाजांपैकी एक. धुराड्यावाचून चालणारे ते जहाज पाहण्यास बंदरोबंदरी गर्दी लोटत असे. तोच कारखाना १९९६ साली दिवाळखोरीत निघाला. त्याच सुमारास आरमारानेही बंदरातील होल्मेन या भागातला आपला बहुतेक सगळा तळ उठवून दुसरीकडे नेला, आणि शहराची तिजोरी तर त्याआधीच रिकामी होत आली होती. ज्या पाण्याने शहर उभे केले होते त्याच पाण्याकडे शहराने आता पाठ फिरविली.

आमागेरच्या बाजूला इस्लँड्स ब्रुगे नावाचा भाग आहे. समुद्रात भराव घालून केलेली ही जमीन. तिच्यावर वखारी, कारखाने आणि त्यांच्या मागे कामगारांच्या चाळीवजा इमारती. येथील सोयाबीनपासून तेल आणि पेंड काढणाऱ्या कारखान्यात १९८० साली प्रचंड स्फोट झाला, अनेक माणसे जखमी झाली, आणि वस्तीच्या उशाशी असले धोके किती काळ बाळगायचे हा प्रश्न रहिवाशांच्या मनात घर करून बसला. कारखान्यांसमोरचा धक्का तोवर बहुतांशी ओसाड पडलेला होता. तेथील रहिवाशांनी चिकाटीने मागणी करून, आणि काही अंशी स्वतःच्या हातांनी खपून, त्या धक्क्यावर हिरवळ आणविली. १९८४ साली ही ‘बंदराची बाग’ रीतसर अस्तित्वात आली. जुने रूळ त्यांनी उखडले नाहीत, ते गवतातच राहू दिले. ही बाग कोणत्याही बृहद्‌आराखड्याचे अपत्य नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोक तेथे उन्हाच्या दिवसांत येऊन बसू लागले, मुले खेळू लागली, आणि बसणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी साहजिकच समोरच्या पाण्यावर गेली. ते पाणी मात्र स्पर्श करण्याच्या योग्यतेचे नव्हते.

येथे थोडे तपशिलात शिरणे अवश्य आहे, कारण या कथेचे मर्म येथेच आहे. युरोपातील बहुतेक जुन्या शहरांप्रमाणे कोपनहेगनमध्येही पावसाचे पाणी आणि घरांतील मैला एकाच भुयारी गटारातून वाहतो. कोरड्या दिवसांत हे मिश्रण शुद्धीकरण केंद्रापर्यंत सुखरूप पोचते. पण मोठी सर आली की नळांची धारणाशक्ती संपते, आणि मैला उलटून घरांच्या तळघरांत शिरू नये म्हणून तो वाटेतच बाहेर सोडून देण्यासाठी गटारांना जागोजाग उत्सर्जनाची मुखे ठेवलेली असतात. अशी ९३ मुखे बंदरात आणि लगतच्या किनाऱ्यावर उघडत होती. म्हणजे आकाशातून पडलेले स्वच्छ पाणी प्रत्येक वेळी शहराची घाण घेऊन बंदरात उतरत होते, आणि त्यात कारखान्यांची रसायने व जहाजांचे तेल यांची भर पडत होती. एके काळी याच बंदरात लाकडी स्नानगृहे होती, लोक हौसेने पोहत. विसाव्या शतकाच्या मध्यास आरोग्याच्या कारणास्तव ती बंद करावी लागली. त्यानंतर वाढलेल्या दोन पिढ्यांना बंदरात पोहणे ही कल्पनाच किळसवाणी वाटत असे.

हे पालटण्यासाठी नगरपालिकेने जे केले त्यात डोळ्यांना दिसण्याजोगे काहीच नव्हते. १९८० पासून लिनेटेनचे शुद्धीकरण केंद्र चालू झालेले होते. त्यानंतर जमिनीखाली प्रचंड टाक्या आणि फुगवट्याच्या नलिका बांधण्यात आल्या, ज्यांत मुसळधार पावसाचे मिश्र पाणी काही तास कोंडून ठेवता येते आणि पाऊस ओसरल्यावर केंद्राकडे सावकाश सोडता येते. या व्यवस्थेमुळे ९३ मुखांपैकी ५५ कायमची बंद करता आली. उरलेली मुखे अतिवृष्टीतच वाहतात. आणि ती वाहिली की पाण्यातील जंतूंचे प्रमाण कोठे, किती वेळ वाढलेले राहील याचे गणित प्रवाहाच्या प्रतिमानावरून मांडून तेवढ्या अवधीपुरते पोहणे बंद ठेवण्याची यंत्रणा उभी करण्यात आली. या सगळ्या कामाला वर्षेच्या वर्षे लागली, पैसा अफाट लागला, आणि कोनशिला बसविण्याचा समारंभ करावा असे त्यात काही नव्हते. निवडणुकीच्या दृष्टीने जमिनीखालची टाकी ही अत्यंत निरुपयोगी वास्तू होय. तरीही एका नगरपालिकेने ती बांधली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

या श्रमाचे फळ २००२ साली इस्लँड्स ब्रुगे येथे लोकांच्या हाती आले. बंदराच्या बागेसमोर पाण्यावर तरंगणारे स्नानस्थळ उघडण्यात आले. नंतर त्याला कायमचे रूप देण्यात आले, ते ब्यार्के इंगेल्स आणि ज्युलियन द स्मेट या दोन तरुण वास्तुशिल्पकारांनी रचलेले: फळ्यांच्या जमिनीत कोरलेली पाच कुंडे, लहान मुलांसाठी उथळ, पोहणाऱ्यांसाठी ५० मीटर लांब, आणि जहाजाच्या नाळेसारखा पुढे झुकलेला एक उडी मारण्याचा मनोरा. प्रवेशास शुल्क नाही. सुरक्षारक्षक नेमलेले असतात. भोवतालच्या शहराकडे पाहत, रहदारीच्या पुलाच्या हाकेच्या अंतरावर, आबालवृद्ध पोहू लागले तेव्हा ‘आमचे बंदर आता स्वच्छ आहे’ हे सांगण्यासाठी अहवाल छापण्याची गरज उरली नाही; पाण्यात उडी घेणारा प्रत्येक मुलगा त्या विधानाची साक्ष देत होता. एकदा लोक पोहू लागले की त्यांच्या मुलाबाळांच्या अंगाला लागणाऱ्या पाण्याची शुद्धता हा कार्यालयातील एका खात्याचा विषय राहत नाही. पाणी बिघडले तर त्याच दिवशी नगराध्यक्षाला जाब विचारणारे हजारो जण निर्माण होतात. शहरात पुढे अशी आणखी स्नानस्थळे झाली ती याच दडपणातून, आणि ते दडपण फार इष्ट प्रकारचे होते.

पाणी स्वच्छ झाल्यावर किनाऱ्यावरच्या जमिनीला भाव आला, आणि तेथे या शहराच्या हातून काही प्रमादही घडले. इस्लँड्स ब्रुगेच्या थेट समोर, शहराच्या बाजूला, काल्वेबो ब्रुगे नावाचा धक्का आहे. १९९० च्या दशकात पैशाची निकड असताना तेथील जमिनी कचेऱ्यांना आणि हॉटेलांना देण्यात आल्या, आणि पाण्याच्या कडेने काचेच्या इमारतींची एक भिंत उभी राहिली. संध्याकाळी पाच वाजले की तेथे चिटपाखरू फिरकेना. शिवाय दुपारनंतर त्या उंच इमारतींची सावली धक्क्यावर पडे, आणि ज्या देशात वर्षातून मोजके महिने ऊन लाभते तेथे सावलीतील धक्क्यावर कोण बसणार? समोरच्या काठावर कामगारवस्तीने मागून घेतलेली साधी बाग माणसांनी फुललेली, आणि या काठावर कोट्यवधींच्या इमारतींपुढे शुकशुकाट, हा विरोध सगळे शहर रोज पाहत होते. अखेरीस २०१३ साली या चुकीवर उतारा म्हणून पाण्यात पुढे सरकलेली, लाटेसारखी वरखाली होणारी लाकडी वाट बांधण्यात आली, आणि ती कोठे बांधायची हे इमारतींची सावली जेथे पोचत नाही ते स्थान पाहून ठरविण्यात आले. सोयाबीनच्या कारखान्याच्या दोन सिलिंडरवजा कोठारांचे मात्र चांगले झाले. कोठारांच्या काँक्रीटच्या भिंतींना फार भोके पाडली तर त्या कमकुवत होतात, म्हणून २००५ साली डच वास्तुशिल्पकारांनी सदनिका आत न घालता बाहेरून टांगल्या, आणि मधली पोकळी तशीच उंच, रिकामी ठेवली.

जमिनीच्या मालकीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९९२ साली डॅनिश संसदेने कायदा करून आमागेर बेटावरची सरकारी पडीक जमीन एका सार्वजनिक मंडळाच्या हवाली केली आणि ती विकून येणाऱ्या पैशातून मेट्रो रेल्वे बांधण्याची तरतूद केली. २००७ मध्ये हे मंडळ आणि बंदराचा कारभार यांतून ‘शहर आणि बंदर’ अशा अर्थाचे नाव असलेली एकच कंपनी निघाली. तिची ९५ टक्के मालकी आज नगरपालिकेकडे आणि उरलेली केंद्र शासनाकडे आहे. किनारा, त्यावरील मिळकती आणि त्यांचा विनियोग यांचा निर्णय एकाच दप्तरात होत असल्यामुळे धक्क्याची कडा सर्वांसाठी खुली ठेवून मागील भूखंडच विक्रीस काढणे शक्य झाले. पण या व्यवस्थेला एक खोल दोषही चिकटलेला आहे. मेट्रोचे कर्ज फेडायचे म्हणून कंपनीला जमीन चढ्या भावानेच विकावी लागते, आणि मग त्या भूखंडांवर होणारी घरे ज्यांना परवडतात ते लोक बंदराची बाग मागून घेणाऱ्या कामगारांचे वारस नसतात. सार्वजनिक संस्थेने सावकाराच्या रीतीने जमिनीकडे पाहावे, हे मला मान्य होत नाही. आणि तेथील अनेक नागरिकांनाही ते मान्य नाही. २०२३ साली ऑपेरागृहाशेजारील बेटावर, जेथे इमारती सहज उठल्या असत्या तेथे, एक बाग खुली झाली, ही त्या वादातील एक समाधानाची गोष्ट.

दोन्ही काठ जोडल्यावाचून मात्र हे सारे अपुरेच राहिले असते. बंदरावर जवळजवळ अर्धशतक नवा पूल झालेला नव्हता. २००६ साली केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी एक पूल झाला, मागोमाग आणखी झाले, आणि आज सुमारे १३ किलोमीटरची सलग वाट पाण्याच्या कडेने बंदराला वळसा घालते. यांतील न्यूहाउन नावाच्या भागासमोरचा पूल बांधताना ठेकेदाराचे दिवाळे निघाले आणि काम वर्षानुवर्षे रखडले. तो २०१६ साली खुला झाला.

निसर्गाने या व्यवस्थेची कठोर परीक्षा २ जुलै २०११ रोजी घेतली. त्या दिवशी दोन-तीन तासांतच सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. रस्ते, तळघरे, रुग्णालये पाण्यात गेली, आणि कोंडून ठेवण्याच्या टाक्यांची मर्यादा उघड झाली. पुढल्या वर्षी शहराने मंजूर केलेल्या योजनेत बागा, मैदाने आणि रस्ते यांचे उतार असे घडविण्याचे ठरले की पावसाचे पाणी गटारात शिरण्याआधीच वरच्या वर अडेल किंवा थेट बंदराकडे वाहील. मराठी वाचकाला येथे २६ जुलै २००५ आठवल्यावाचून राहणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती.

कोपनहेगनचा आणि मुंबईचा संबंध तसा जुना आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते कोपनहेगनच्या एका सिमेंट-यंत्रांच्या कंपनीच्या कामानिमित्त हिंदुस्थानात आले आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी जी भागीदारी सुरू केली तिचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याची कहाणीही कोपनहेगनच्या वळणानेच गेली. १८७३ साली बंदर विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १८७५ ची ससून गोदी, १८८० ची प्रिन्सेस, १८८८ ची व्हिक्टोरिया, १९१४ ची अलेक्झांड्रा अशी एकामागून एक गोदी उभी राहिली, आणि १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाल्यावर कंटेनरचा धंदा तिकडे सरकला. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत सुमारे १८०० एकर जमीन बंदराच्या ताब्यात आहे, आणि तिच्या पुनर्विकासाचा विचार करण्यासाठी २०१४ साली राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

पण डॅनिश नमुना येथे जसाच्या तसा उतरविता येणार नाही, याची कारणे मुंबईच्या समुद्रातच आहेत. ओरेसुंडमध्ये भरती-ओहोटीचा फरक वीतभर. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो जवळजवळ पाच मीटरांपर्यंत जातो, आणि ओहोटीला शिवडीपाशी मैलभर चिखल उघडा पडतो, ज्यात रोहित पक्षी हिवाळ्यात हजारोंनी चरतात. तरंगत्या कुंडांपेक्षा भरतीबरोबर पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या रुंद पायऱ्या येथे अधिक शोभतील. भाऊच्या धक्क्याची रेवस-मोऱ्याकडे जाणारी लाँचवाट ही शहराची एक जुनी सार्वजनिक जलवाट. तिला नीट छप्पर, स्वच्छ शौचालये आणि सुरक्षित उतार दिला तरी पूर्व किनाऱ्याचे अर्धे काम होईल असे मला वाटते.

दुसरे कारण माणसांचे आहे. कोपनहेगनच्या धक्क्यांवरून मजूर निघून गेल्यावर तेथे बाग झाली. मुंबईचा पूर्व किनारा ‘पडीक’ म्हणून दाखविला जातो तेव्हा तो रिकामा नसतो. ससून गोदीत पहाटे कोळणी मासळीच्या लिलावाला बसलेल्या असतात, दारुखान्यात जुनी जहाजे तोडली जातात, लोखंडाचा बाजार चालतो, रे रोडच्या कडेला हजारो कुटुंबे राहतात, आणि या सर्वांच्या समोरून नाल्यांचे सांडपाणी बंदरात उतरते. जमीन केंद्र शासनाच्या बंदर-प्राधिकरणाची, नाले महानगरपालिकेचे, मासेमारीचे खाते राज्य शासनाचे, अशी तिहेरी वाटणी असल्यामुळे नकाशावर बाग रंगविणारा हात आणि नाल्याचे मुख बंद करणारा हात यांची गाठच पडत नाही. इस्लँड्स ब्रुगेच्या रहिवाशांनी धक्का मागितला तेव्हा तो त्यांच्याच घरासमोरचा होता, आणि तो त्यांना मिळाला. त्याच न्यायाने ससून गोदीची कोळीण, दारुखान्याचा कामगार आणि भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहणारा उरणचा प्रवासी यांचा या किनाऱ्यावरील हक्क आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिला गेला पाहिजे, आणि दुसऱ्या पानावर बंदरात उघडणाऱ्या प्रत्येक नाल्याची यादी, तो कोणत्या वर्षी बंद होणार त्या तारखेसह, आली पाहिजे.